हाताखालच्या माणसांच्या कामाची दखल कशी घ्यावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिनिंग, दालमिल, राइस मिल, संत्र्याचं प्रतवारी केंद्र, शेतकरी उत्पादक कंपनी, पतसंस्थेची शाखा, कृषी सेवा केंद्र. विदर्भात गावाकडे पाच-पन्नास माणसं ज्यांच्या हाताखाली आहेत, त्यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. नावं-गावं काढली आहेत, प्रश्नांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. जिथे दोन प्रश्न एकमेकांना भिडतात तिथे दुसऱ्याचा क्रमांक दिला आहे.

१. पगार वेळेवर देतो, दिवाळीला बोनसही देतो. आणखी वेगळं कौतुक कशाला पाहिजे?

पगार आणि बोनस हा हिशेब आहे, तो चोख हवाच. २० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनात पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस द्यावाच लागतो, कमाल मर्यादा २० टक्के आहे. वर्षात ३० दिवस काम केलेला हंगामी कामगारही त्यात येतो. म्हणजे जे देणं लागत होतं ते तुम्ही दिलं. आपण केलेलं काम कोणाला दिसलं का, हे माणसाला त्यातून कळत नाही.

जिनिंगचं उदाहरण घ्या. कापसाच्या गंजीतून एखादा खडा किंवा खिळा रेच्यात, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात गेला, ठिणगी उडाली, की आग. रेच्यावर कापूस टाकणारी बाई दिवसभर असे खडे वेचून बाजूला टाकत असते. आग लागली तर सारा गाव धावतो आणि विझवणाऱ्याचं नाव होतं. जी आग लागलीच नाही तिचं श्रेय मात्र कोणालाच मिळत नाही. गावाकडच्या धंद्यात निम्मं चांगलं काम असंच असतं, नुकसान होऊ न देण्याचं. ते पाहणं आणि बोलून दाखवणं तुमच्याशिवाय कोण करणार? खडे वेचले काय अन् न वेचले काय, कोणाला फरक पडत नाही, असं त्या बाईला एकदा वाटलं की पुढच्या हंगामात तिचा हात सैल पडतो. यात तिचा दोष मानता येणार नाही.

२. "मस्त केलं", "बेस झालं" म्हणतो की आम्ही. अजून काय बोलायचं असते?

काय केलं आणि त्यामुळे काय झालं, या दोन गोष्टी बोला. "मस्त केलं" हे पावसालाही म्हणता येतं.

संत्र्याच्या प्रतवारीवर बसलेल्या मावशींना असं सांगता येईल: "मावशी, काल तुम्ही लांब देठाची फळं वेगळी काढून देठ कापायला लावले. पेटीत एकही फळ टोचलं नाही, व्यापाऱ्याकडून माल परत आला नाही." लांब राहिलेला देठ शेजारच्या फळाला टोचतो आणि तिथून सड सुरू होते, हे मावशींना माहीत आहेच. आपल्याला ते माहीत आहे हे साहेबालाही कळलं, यातच त्यांचा मान आहे.

असं बोलायचं तर काम जवळून पाहावं लागतं. केबिनमध्ये बसून नेमकं बोलता येत नाही. म्हणून रोज थोडा वेळ काट्यावर, रेच्यावर, गोदामात उभं राहायला काढा. हाती वही असली तर उत्तम.

३. महिनाअखेरच्या बैठकीपर्यंत थांबलं तर चालते का?

शक्यतो नको. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी बोला. कापसाच्या हंगामात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत गाड्यांची रांग लागलेली असते, त्यात महिन्यापूर्वीची गोष्ट कामगारालाही आठवत नाही. बैठकीत पुन्हा उल्लेख करायचा तर जरूर करा, पण तिथे ते पहिल्यांदा कानावर पडायला नको.

४. यंदा हंगाम बुडाला. सोयाबीन गेलं, कापसाला भाव नाही, आमच्याकडे आवकच नाही. हाती पैसा नसताना काय द्यायचं?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच. म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, खरी परिस्थिती सांगा. किती क्विंटल आवक झाली, किती माल पडून आहे, पगार कुठून निघणार. गावात बातमी लपत नाही. तुमच्या मिलची अवस्था पानटपरीवर तुमच्या आधी पोचलेली असते. खरा हिशेब माणसांसमोर मांडणं म्हणजे त्यांना आपलं मानणं. कौतुकाच्या चार शब्दांपेक्षा ते मोठं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. तुमच्याकडच्या बहुतेकांची स्वतःची दोन-चार एकर आहे, किंवा घरचं कोणी मजुरीला जातं. मृगाचा पाऊस झाल्यावर पेरणीचे चार दिवस, फवारणीचा दिवस, वेचणीचा आठवडा, या दिवसांत न मागता सुट्टी मिळाली तर तिची किंमत पैशात मोजता येत नाही. जूनच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा: "तुमची पेरणी कधी? त्या दिवसांत कोण सांभाळेल, आपण आताच ठरवू." सुट्टी मागायला दारात उभं राहावं लागलं नाही, ही गोष्ट माणूस वर्षानुवर्षं सांगतो.

तिसरी गोष्ट ऊन. अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस लागतात. या दिवसांत काम पहाटे सुरू करून दुपारी अकरा-बारापर्यंत थांबवणं, माठ रोज धुऊन भरणं, पत्र्याच्या शेडवर तुराट्या किंवा हिरवी जाळी टाकणं, यांना फार खर्च नाही. माणसांच्या जिवाची काळजी घेतली नाही तर बाकी सगळं कौतुक पोकळ ठरतं.

आणि शिकवणं. काट्यावरच्या पोराला संगणकावर पावती करायला शिकवा, हमालाच्या मुलाला फिटरच्या हाताखाली घ्या. पैसा नसलेल्या वर्षी कामही कमी असतं, म्हणजे शिकायला वेळ असतो.

पगार थकलेला असेल तर मात्र आधी तारीख सांगा आणि ती पाळा. थकलेल्या पगारावर गोड शब्द माणसाला झोंबतात.

५. चारचौघांत बोलावं की बाजूला घेऊन?

माणूस बघून ठरवा. कोणाला सगळ्यांसमोर नाव घेतलेलं आवडतं, कोणी लाजून मान खाली घालतं आणि दोन दिवस समोर येत नाही. कळत नसेल तर सरळ विचारा: "ही गोष्ट उद्या सगळ्यांसमोर सांगितली तर चालेल का?" विचारण्यातच निम्मं काम होतं. बायकांच्या बाबतीत प्रश्न ९ पाहा.

६. पोळ्याला, दिवाळीला आम्ही सगळ्यांना शर्टपीस आणि सोनपापडी देतो. तरी लोकं खूश दिसत नाहीत.

वस्तू सगळ्यांना सारखी दिली तर ती सणाची भेट झाली. द्या, ती चांगलीच आहे. पण त्यातून कोणाच्याही कामाची दखल घेतली जात नाही, तेव्हा तशी अपेक्षा ठेवू नका.

आपल्याकडे जुनी रीत याहून बारकाईची होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणायचं, कारण वर्षभर जू त्याच खांद्यावर असतं. सालदाराला नवे कपडे, आणि पोळा फुटल्यावर बैल घरोघरी नेणाऱ्याला बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे. ज्यानं जे काम केलं त्याला त्या कामाचा मान. ती बारकाई आज मिलमध्येही आणता येते. रात्रपाळीच्या चौकीदाराला शर्टपीसऐवजी चांगली बॅटरी आणि स्वेटर, रुईची धूळ खाणाऱ्या माणसांना बरे मास्क, लांबून सायकलनं येणाऱ्याला टायर-ट्यूब.

सण कोणाचा कोणता, हेही पाहा. मेळघाटातून आलेल्या कोरकू कामगारांचा मोठा सण होळी. त्यांना दिवाळीला मिठाई देऊन होळीला गावी जाऊ दिलं नाही तर तुम्ही त्यांना ओळखलंच नाही. बौद्ध कामगारांसाठी १४ एप्रिल आणि दसऱ्याचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून लोक दीक्षाभूमीवर येतात, त्या दिवशी हजेरीचा आग्रह नको. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते, रात्रभर झाडीपट्टीची नाटकं चालतात. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी थोडी उशिरा लावली तर धान काही पळून जात नाही. ईदलाही हाच न्याय. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला "तुमचा महत्त्वाचा दिवस कोणता" हे विचारून वहीत लिहून ठेवा.

७. हमाल अन् वेचणीच्या बाया आमच्या नाहीत, मुकादमाच्या आहेत. त्यांचं कौतुक आम्ही कसं करायचं?

काम तुमच्या अंगणात होतं ना? मग तुमच्याकडूनच व्हायला हवं. मुकादमाला डावलू नका, त्याच्यासमोर बोला. पण निरोप पाठवून भागवू नका.

नावं पाठ करा. "ए हमाल" आणि "रामभाऊ, थप्पी सरळ लागली" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वेचणीच्या बायांना किलोवर मजुरी मिळते, त्यामुळे त्यांच्यासाठी पहिला मान म्हणजे खरा काटा. वजन त्यांच्यासमोर करा, आकडा मोठ्यानं वाचा, लिहिलेलं दाखवा. ओला कापूस म्हणून घट धरायची असेल तर तीही तोंडावर सांगा. स्वच्छ, कवडी (किडका, डागी कापूस) वेगळी काढून वेचलेल्या कापसाला किलोमागे थोडं जास्त द्या आणि का देतोय ते सांगा. उत्तम कामाची पावती म्हणतात ती हीच.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घ्यायचे, रात्री कीर्तन करायचे. माणसं त्यांचं ऐकायची त्यामागे सकाळचा खराटा होता. गाडी भरायची घाई असताना तुम्ही पंधरा मिनिटं हमालांसोबत थप्पी लावू लागलात, तर त्यांचं काम किती कष्टाचं आहे हे तुम्हाला अंगावर कळेल आणि पुढचं बोलणं आपोआप खरं होईल. फोटो काढायला कोणाला सोबत घेऊ नका.

८. माझं वय २७. बाबांनंतर दालमिल मी पाहतो. मिस्त्री, दिवाणजी सगळे बाबांच्या वयाचे. त्यांना "शाबास" म्हणायला कसंतरी वाटते.

वाटतंय ते बरोबर आहे. शाबासकी वरून खाली दिली जाते, वयानं मोठ्या माणसाला ती देऊ नये. त्यांच्याकडे शिकायला जा. "काकाजी, तुरीला तेल-पाणी किती द्यायचं ते तुम्ही हातात डाळ घेऊन ओळखता. मला शिकवाल का?" शिकायला आलेला मालक पाहून त्या माणसाला चाळीस वर्षांच्या कामाचं चीज झाल्यासारखं वाटतं. आणि शिकाच, नाटक करू नका. त्यांचा सल्ला मानून फायदा झाला तर चारचौघांत सांगा: "हे काकाजींचं डोकं." मोठ्या निर्णयाआधी त्यांना विचारायची सवय ठेवा, आणि त्यांचं ऐकलं नाही तर का नाही ते येऊन सांगा.

९. बाईमाणसाचं कौतुक केलं की गावात भलतीच चर्चा होते. म्हणून आम्ही बोलतच नाही. चुकते का?

हो, चुकतं. तुमच्या गप्प बसण्याची किंमत त्या बाईला मोजावी लागते. पुरुषाचं काम दिसत राहतं, त्याला बढती मिळते, आणि बाई पंधरा वर्षं प्रतवारीच्या पट्ट्यावरच राहते.

बोला फक्त कामाबद्दल, सगळ्यांसमोर, आणि पुरुष कामगाराबद्दल जे शब्द वापरता तेच शब्द वापरून. कपडे, दिसणं, "घर सांभाळून किती करता हो" यातलं काही नको. रात्री एकटीला व्हॉट्सॲपवर संदेश तर अजिबात नको. "ताई", "मावशी" म्हणायची पद्धत असेल तर ती सर्वांसाठी ठेवा, एकीला ताई आणि दुसरीला नुसतं नाव असं करू नका.

पण खरी दखल शब्दांपलीकडची आहे. गोदामाची किल्ली तिच्या हाती द्या. पट्ट्याची प्रमुख तिला करा आणि त्या पदाचा पगार द्या. व्यापारी आला की माल दाखवायला तिला पुढे करा. संडास नीट आहे का, संध्याकाळी घरी जायला गाडी आहे का, हे आधी बघा. बचत गटात हिशेब चोख ठेवणाऱ्या कितीतरी बाया आपल्याकडे आहेत, त्यांना मिलमध्ये काट्यावर का बसवत नाही, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

१०. एकाचं नाव घेतलं की बाकीचे तोंड फुगवतात. "महिन्याचा उत्तम कर्मचारी" असा बोर्ड लावू का?

पंधरा-वीस माणसांच्या ठिकाणी लावू नका. एक जिंकतो, चौदा हरतात, आणि ते चौदा संध्याकाळी एकाच पारावर बसतात.

त्याऐवजी प्रश्न २ मधली वही तपासा. गेल्या दोन महिन्यांत कोणाचं नाव एकदाही आलं नाही? त्या माणसाचं काम जाऊन पाहा. बहुतेक वेळा तो काम करत असतो, तुमची नजर तिकडे जात नसते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वहीत येणारी नावं ठरावीक घरांची, ठरावीक आडनावांची, मालकाच्या नात्यागोत्याची आहेत का? कार्यक्रमात हार कोणाला आणि सतरंज्या उचलायला कोण? चहाचे कप सगळ्यांना सारखे आहेत का? कामगार हे सगळं पाहत असतात, बोलत नाहीत. तोंड फुगण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं, आणि ते हेव्याच्या खात्यात टाकणं अन्याय आहे.

११. जरा कौतुक केलं की लगेच उचल मागते. मग बोलावं की नाही?

बोलावं. उचलीचा नियम वेगळा आणि लेखी ठेवा: वर्षातून किती वेळा, पगाराच्या किती पट, कापून किती महिन्यांत घ्यायची. नियम भिंतीवर असला की कौतुक आणि उचल एकमेकांत अडकत नाहीत. आजारपण आणि शाळेची फी यांना नियमात थोडी जागा ठेवा. चांगलं बोलणाऱ्या माणसाकडेच कोणी अडचण घेऊन येतो, त्यामुळे मागितलं म्हणून मनात अढी धरू नका.

१२. हंगाम संपला की पोरं पार्टी मागतात. द्यावी का?

जेवण द्या, घरच्यांना बोलवा, पुरणपोळी नाहीतर सावजी रस्सा करा. दारू नको. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. आणि जिथे बंदी नाही तिथेही कामगाराच्या घरी ती बाटली काय करते हे त्याच्या बायकोला विचारा.

१३. आमचा फिटर हातात जादू असलेला माणूस, पण आठवड्यातून दोनदा उशिरा येतो. त्याचं कौतुक केलं तर तो डोक्यावर बसेल.

दोन्ही गोष्टी सांगा, पण एका दमात नको. "काम बढिया, पण वेळ पाळत जा" म्हटलं की "पण"च्या आधीचं पुसलं जातं. मशीन सुरू केल्यावर तिथेच त्या कामाबद्दल बोला आणि थांबा. उशिराबद्दल दुसऱ्या दिवशी, बाजूला घेऊन, वेगळं. आणि कारण विचारा. एसटीची वेळ बदललेली असते, घरी कोणी अंथरुणावर असतं. नियम मात्र त्याच्यासाठी वाकवू नका, नाहीतर वेळेवर येणाऱ्या बाकीच्यांचा अपमान होतो.

१४. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत सीईओ पोरगा एकटाच राबते. आम्ही संचालक शेतकरी आहोत, आम्हाला हे साहेबी कौतुक जमत नाही.

साहेबी कशाला? आपल्याच पद्धतीनं करा. वार्षिक सभेत सभासदांसमोर अध्यक्षांनी सांगावं की यंदा तुरीची खरेदी कशी झाली आणि त्यात या पोरानं काय केलं.

पण त्याला याहून जास्त गरज दुसऱ्या गोष्टींची आहे. रात्री दहाला फोन करू नका. संचालकाच्या भाच्याला उधारीवर खत दे म्हणून गळ घालू नका, आणि त्यानं नाही म्हटलं तर मंडळानं त्याच्या पाठीशी उभं राहा. पगाराचं आधी ठरवा. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या १०,००० कंपन्यांच्या योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी ३ वर्षांत मिळून कमाल १८ लाख रुपयांपर्यंत मदत आहे. ती संपली की पगार धंद्यातून काढावा लागतो. चौथ्या वर्षी काय, हा विषय तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच बैठकीत घ्या. पोराला शहरात जायचं नसतं, पुढचं दिसत नसलं की तो जातो.

१५. इतकं करून चांगला माणूस पुण्याला चालला. आता त्याचं कौतुक करून काय फायदा?

त्याला निरोप कसा देता हे मागे राहिलेले सगळे पाहतात. शेवटच्या दिवशी पूर्ण हिशेब हाती द्या, ५ वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचं बघा, अनुभवाचा दाखला न मागता द्या आणि त्यात त्यानं काय काय काम केलं ते नेमकं लिहा. "तुझ्यासाठी इतकं केलं" हे वाक्य तोंडातून काढू नका. "परत यावंसं वाटलं तर ये" हे खरं असेल तरच म्हणा.

१६. कामगाराच्या घरी नापिकी, कर्ज, मयत. माणूस खचलेला दिसते. अशात कामाची तारीफ करून हुरूप द्यावा का?

नाही. आधी घरी जा, बसा, ऐका. त्या दिवसांत त्याला कामाचं बोलणं नको असतं. त्याची जागा सुरक्षित आहे, पगार कापला जाणार नाही, हे साध्या शब्दांत सांगा. तो जगण्यावरच उदास झालाय असं वाटलं तर "जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का" हे थेट विचारायला घाबरू नका, आणि त्याला एकटं सोडू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीतून बोलता येतं. तुम्ही शेजारी बसून फोन लावून द्या. तो कामावर परतला की पहिल्या आठवड्यात जड काम नको.

१७. आता काहीही चांगलं बोललो की लोकं म्हणतात, "साहेब गोड बोलून राहिले, म्हणजे रात्रपाळी लावायची आहे." हे कसं मोडायचं?

तसं म्हणतात कारण आधी तसं झालेलं असतं. जादा काम सांगायच्या दिवशी कौतुक करणं पूर्ण बंद करा. जादा काम हवं असेल तर तेवढंच मागा, आणि कारखान्यात ओव्हरटाइमला दुप्पट दर लागू असतो तो बिनचूक द्या.

मग काही दिवस चांगलं बोलायची घाई करू नका. पडून राहिलेल्या गोष्टींची यादी माणसांकडूनच घ्या: राहिलेला ओव्हरटाइम, गळकं शेड, बंद पडलेला कूलर, मागच्या वर्षी कबूल केलेला गमबूट. त्यातल्या तुम्हाला जमणाऱ्या गोष्टी एकेक करून निकाली काढा, न जमणाऱ्या कोणत्या ते सांगा. यादी दारामागे लावा आणि काम झालं की तिथे तारीख टाका. निम्मी यादी खोडली गेली की प्रश्न २ कडे परत या आणि एका माणसापासून, एका कामापासून सुरुवात करा.